प्रोब लावला की चालतं, काढला की बंद! मायक्रोप्रोसेसर मोजणाऱ्यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना मी जिथे फारच भरकटले तेवढं कापलंय, बाकी जसंच्या तसं.

१९७० साल संपायला थोडेच दिवस उरलेत. कॅलिफोर्नियात इंटेल नावाची जेमतेम अडीच वर्षांची कंपनी आहे. संध्याकाळचे सहा वाजलेत, लोक घरी निघालेत, आणि २९ वर्षांच्या एका इटालियन इंजिनिअरच्या हातात पाच सेंटिमीटर व्यासाची एक चकती येते. त्याचं नाव फेडेरिको फॅजिन. चकतीला म्हणतात वेफर. (हो, वेफर आणि चिप. या धंद्यातले शब्द ऐकून भूकच लागते.) त्या वेफरवर शेजारी शेजारी छापलेत बरेच ४००४. म्हणजे बुसिकॉम या जपानी कॅल्क्युलेटर कंपनीसाठी बनवलेली ती चिप, जिला आज आपण बाजारात आलेला पहिला मायक्रोप्रोसेसर म्हणतो. २३०० ट्रान्झिस्टर. तुमच्या हातातल्या फोनमध्ये अब्जावधी असतात, तो भाग वेगळा.

फॅजिनने हा प्रसंग नंतर अनेकदा सांगितलाय. हात थरथरत होते म्हणे. त्याने वेफर प्रोब स्टेशनवर ठेवला. प्रोब स्टेशन म्हणजे मायक्रोस्कोप, आणि त्याखाली चिपच्या कडेच्या धातूच्या चौकोनांवर अलगद टेकवायच्या बारीक सुया. सुयांच्या दुसऱ्या टोकाला ऑसिलोस्कोप. ऑसिलोस्कोप म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते: व्होल्टेज वेळेनुसार कसं वरखाली होतं ते पडद्यावर रेघेने काढून दाखवणारं यंत्र. ईसीजी डोळ्यांपुढे आणा, फक्त पेशंटच्या जागी सर्किट.

सुया टेकल्या. पडद्यावर काहीच नाही.

पुढची चिप. काहीच नाही. त्याच्या पुढची. तीही मेलेली. आता इथे जरा थांबा आणि त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. महिनोन्‌महिने रात्रंदिवस खपून काढलेलं डिझाइन आहे, गिऱ्हाईक खोळंबलंय आणि समोर सपाट रेघ. या रेघेचे अर्थ किती निघतात? डिझाइन चुकलं असेल. डिझाइन बरोबर असेल पण कारखान्यात घोळ झाला असेल. किंवा दोन्ही ठीक असेल आणि सुईच नीट टेकली नसेल! पडद्यावर तिन्हींचं चित्र एकच दिसतं.

फॅजिनने वीसेक मिनिटं सुया हलवून पाहिल्या आणि मग सिग्नल बघणं सोडून वेफरच मायक्रोस्कोपखाली बारकाईने पाहिला. सापडलं. चिप थराथराने बनते, आणि त्यातला एक अख्खा थर कारखान्यात टाकायचाच राहून गेला होता. या थराला बरीड कॉन्टॅक्ट म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या गेटची पॉलिसिलिकॉनची पट्टी खालच्या सिलिकॉनला थेट जिथे जोडायची, ते जोड या थरामुळे होतात. तो नाही म्हणजे घरभर बटणं आहेत, बल्ब आहेत, पण मधली वायर कुणी जोडलीच नाही. काही आठवड्यांनी, जानेवारी १९७१ मध्ये नवे वेफर आले. त्याने पुन्हा रात्री उशिरापर्यंत बसून सुया टेकवल्या आणि ४००४ चालला.

ही गोष्ट सगळे 'पहिला मायक्रोप्रोसेसर कसा जन्मला' म्हणून सांगतात. मला त्यातली ती वीस मिनिटं जास्त आवडतात. कारण मायक्रोप्रोसेसर मोजणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच जावं लागतं. समोरचं यंत्र जे सांगतंय, ते खरं धरायचं की नाही?

आता थोडं मागे जाऊ. १९४६ साली अमेरिकेत पोर्टलँडला हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी इतरांच्या साथीने टेक्ट्रॉनिक्स कंपनी काढली आणि १९४७ मध्ये त्यांचा ५११ हा ऑसिलोस्कोप आला. त्याची खासियत होती ट्रिगर. सिग्नल ठरावीक पातळी ओलांडतो त्या क्षणी रेघ सुरू करायची, म्हणजे चित्र पडद्यावर धावत न सुटता जागच्या जागी उभं राहतं. आधीच्या साध्या स्कोपवर नुसतं 'काहीतरी हलतंय' दिसायचं, आता 'किती वेळ आणि किती व्होल्ट' हे मोजता येऊ लागलं.

पण स्कोप कितीही भारी घेतला तरी तो सर्किटला जोडायचा कशाने? वायरने. आणि सगळी गंमत तिथे आहे.

असं समजा की चिपची पिन म्हणजे बारीक धारेचा नळ, आणि कपॅसिटन्स म्हणजे बादली. व्होल्टेज वर न्यायचं म्हणजे बादली भरायची. तुम्ही साधी शिल्डेड वायर घेऊन पिनेला लावली, तर नळाखाली आणखी एक मोठी बादली ठेवल्यासारखं होतं, साधारण १०० पिकोफॅरडची. पिकोफॅरड म्हणजे अगदी बारीक माप, पण चिपच्या जगात १०० ही भलीमोठी बादली आहे. आता सिग्नल हळू चढणार, आणि तुम्ही वहीत लिहिणार, 'सिग्नल हळू आहे.' सिग्नल हळू नव्हता हो, तुम्ही केलात!

म्हणून १० पटीचा प्रोब आला. टोकाला ९ मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक छोटा कपॅसिटर. सिग्नल दहापट लहान दिसतो, पण बादली १०-१५ पिकोफॅरडवर येते. हा छोटा कपॅसिटर स्कोपच्या आतल्या कपॅसिटरशी जुळवून घ्यावा लागतो, त्यासाठी प्रोबवर स्क्रू असतो. स्कोपच्या तोंडावर एक बारकी पट्टी असते, तिच्यावर साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट मिळते. प्रोब तिथे लावायचा, लाटेचे कोपरे गोल दिसले किंवा शिंगं फुटलेली दिसली तर चौकोनी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. बहुतेकांना ही पट्टी स्कोप चालू आहे ना, हे बघायलाच आहे असं वाटतं.

त्याच्यापुढची अडचण आणखी मजेदार. केबलमधून वेगवान सिग्नल गेला की तो टोकाला आपटून परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, आणि स्कोपवर थरथरती शेपूट दिसते. सर्किटमध्ये नसलेली शेपूट. टेक्ट्रॉनिक्सच्या जॉन कोबे आणि विल्यम पॉलिट्स यांनी यावर जो तोडगा काढला तो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात कमी कौतुक झालेला शोध वाटतो. त्यांनी केबलच्या मधली तार मुद्दाम वाईट घेतली. तांब्याच्या जाड तारेऐवजी केसासारखी बारीक, भरपूर विरोध असलेली तार. सिग्नल ये-जा करताना तीच ऊर्जा खाते आणि थरथर विरते. १९५९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आजही पॅसिव्ह प्रोबची केबल चांगली आहे का बघायला कुणी मल्टिमीटर लावला आणि मधल्या तारेला शेकडो ओहम दिसले, तर केबल खराब म्हणून टाकून देऊ नका. ती तशीच असते.

असो. मायक्रोप्रोसेसर आला तोवर हे सगळं सुटलेलं होतं, मग अडलं कुठे?

८०८५ घ्या. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना वेगळी ओळख करून द्यायला नको, हिरव्या किटवर हेक्स कीपॅड दाबत ज्यांनी ज्यांनी बेरजा केल्यात त्यांना सलाम. या चिपच्या डेटाशीटमध्ये बसच्या पिनांचं टायमिंग १५० पिकोफॅरडचा भार धरून दिलेलं आहे. म्हणजे तिथे तुमच्या प्रोबची १०-१५ ची बादली आली काय नि गेली काय, फरक पडत नाही. पण क्रिस्टलच्या पिना बघा. तिथे साधारण २० पिकोफॅरडचे कपॅसिटर असतात. तिथे प्रोब लावणं म्हणजे जेवढं होतं त्याच्या निम्म्याने भर घालणं. कधी क्लॉकची गती किंचित सरकते. कधी आंदोलनच थांबतं, आणि तुम्ही निष्कर्ष काढता की क्रिस्टल मेलाय. कधी उलट होतं: नुसता अडून बसलेला क्रिस्टल प्रोबच्या धक्क्याने सुरू होतो! 'प्रोब लावला की चालतं, काढला की बंद' हे वाक्य ज्यांनी हार्डवेअरवर काम केलंय त्यांनी एकदा तरी ऐकलं असणार.

त्यावरचा इलाज म्हणजे क्रिस्टलला हातच लावायचा नाही. ८०८५ ला क्लॉक आउट म्हणून वेगळी पिन आहे, तिच्यावर क्रिस्टलच्या निम्मी गती मिळते. ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर तिथे ३.०७२ दिसायला हवेत. या पिनेत दम असतो, प्रोब लावला तरी तिला काही वाटत नाही.

'लावला की चालतं' याचं दुसरं एक कारण आहे, आणि ते जास्त छुपं आहे. एखादी इनपुट पिन, समजा होल्ड किंवा इंटरप्टची, कुणीतरी मोकळी सोडलेली असते. ती हवेतली पिन कधी ० समजते, कधी १. तुम्ही प्रोब टेकवता. प्रोबमधून ग्राउंडला १० मेगाओहमचा रस्ता आहे. म्हणायला १० मेगाओहम म्हणजे जवळजवळ काहीच नाही, पण मोकळ्या पिनेला तेवढाही आधार पुरतो. ती शहाण्यासारखी ० वर येऊन बसते आणि बोर्ड चालू. प्रोब काढला की पुन्हा भुताटकी. अशा वेळी प्रोबने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याने रोग बरा करून दाखवलाय, फक्त तुम्हाला कळलं पाहिजे.

मग ग्राउंडची ती मगरीच्या तोंडाची क्लिप. सगळ्यात जास्त फसवणारी हीच. तिची वायर साधारण १५ सेंटिमीटर असते. अशा वायरला अंदाजे १५० नॅनोहेन्री इंडक्टन्स येतो. प्रोबच्या १० पिकोफॅरडबरोबर तो मिळाला की साधारण १३० मेगाहर्ट्झला वाजणारी घंटा तयार होते. चिपने झटक्यात ० चं १ केलं की घंटेवर टोला पडतो आणि स्कोपवर सुंदर झिलमिल दिसते. ती झिलमिल बघून लोकांनी बोर्डं बदललीत. वर ही वायर म्हणजे एक वेटोळं, आसपासची चुंबकीय गडबड पकडणारी अँटेनाच.

तपासायची युक्ती इतकी सोपी की लोक करत नाहीत. प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला जिथे ती लावलीय तिथे टेकवा आणि प्रोब बोर्डजवळ आहे तसाच राहू द्या. शून्याला शून्य जोडलंय, सपाट रेघ यायला हवी. आली का? तिथे सुया उठत असतील तर त्या तुमच्या चिपच्या नाहीत. उत्तर आधीच माहीत आहे अशी गोष्ट मोजायची, एवढंच. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

१९७३ कडे येऊ. स्कोपवर दोन किंवा चार सिग्नल दिसतात. मायक्रोप्रोसेसरचे पत्त्याचे १६ आणि डेटाचे ८, मिळून २४ तारा एकाच वेळी काय म्हणतायत ते कसं बघणार? त्या वर्षी ह्युलेट-पॅकार्डने लॉजिक अ‍ॅनलायझर म्हणून नवीन प्रकारचं उपकरण आणलं. व्होल्ट-बिल्ट विसरा, मी फक्त ० की १ ते सांगतो. अनेक तारा, आणि हवं तर क्लॉकच्या ठोक्यालाच बघायचं. याने एक मोठा घोळ मिटला. बसवर जेव्हा कुणीच बोलत नसतं तेव्हा तारा अधांतरी असतात आणि स्कोपवर अर्धेमुर्धे व्होल्टेज दिसतात. नवखा माणूस म्हणतो, बस बिघडली. पण प्रोसेसर त्या क्षणी बसकडे बघतच नसतो. ठोक्याला बघणाऱ्या यंत्राला तो कचरा दिसत नाही.

आणि नेमकं तेच त्याचं दुखणं. ठरावीक पातळीच्या वर दिसलं की १, खाली दिसलं की ०. मधलं काही असतं हेच या यंत्राला ठाऊक नाही.

त्याच १९७३ च्या एप्रिलमध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नार यांचा एक छोटा निबंध छापून आला. विषय: फ्लिप-फ्लॉपला क्लॉक आणि डेटा अगदी एकाच वेळी बदलताना सापडले तर काय होतं? पुस्तक म्हणतं, तो ० किंवा १ होतो. यांनी स्कोपवर दाखवलं की तो कधी कधी मध्येच लटकतो. कुंपणावर बसलेल्या माणसासारखा, इकडेही नाही नि तिकडेही नाही, आणि किती वेळ बसेल याला वरची मर्यादा नाही. आज याला मेटास्टेबिलिटी म्हणतात आणि प्रत्येक चिप डिझाइनरला ती शिकावी लागते. तेव्हा मात्र अनेक अनुभवी इंजिनिअरांना हे पटत नव्हतं. डिजिटल सर्किट आणि मधली पातळी? तुमच्या मोजण्यातच काहीतरी गडबड असेल!

बघा, इथे गोष्ट उलटली. आतापर्यंत आपण उपकरणावर संशय घ्यायला शिकत होतो. इथे उपकरण खरं बोलत होतं आणि माणसं त्याला खोटं ठरवत होती. 'प्रोबमुळे होत असेल' ही सबब फार सोयीची असते. कधीतरी होणारा, पुन्हा करून दाखवता न येणारा बिघाड तिच्याखाली झाकून टाकता येतो. म्हणून प्रोबवर आरोप करायचा तर तो सिद्ध करायची तयारी पाहिजे, नुसता करून चालत नाही.

आणि सिद्ध कसा करायचा याचं मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं उत्तर पुन्हा ह्युलेट-पॅकार्डकडूनच आलं, १९७७ मध्ये. सिग्नेचर अ‍ॅनालिसिस. यंत्राचं नाव ५००४ए. अडचण अशी होती की मायक्रोप्रोसेसरवाली उपकरणं गावोगाव गेली होती आणि दुरुस्ती करणाऱ्या टेक्निशियनकडे ना महागडा अ‍ॅनलायझर, ना तो वाचायचं शिक्षण. टीव्हीच्या सर्किट डायग्रामवर जशी जागोजागी व्होल्टेज छापलेली असतात, तसं डिजिटल बोर्डाला काही करता येईल का?

त्यांनी केलं असं. ठरावीक सुरुवातीपासून ठरावीक शेवटापर्यंत एका तारेवरून जे ०-१ जातात, ते सगळे १६ बिटांच्या एका शिफ्ट रजिस्टरमध्ये घुसळायचे आणि शेवटी जे उरेल ते चार अक्षरांत दाखवायचं. आजच्या भाषेत, हॅश. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी सही बदलते. अक्षरंही विचार करून निवडली: ० ते ९, आणि मग ए, सी, एफ, एच, पी, यू. का? तर सात दांड्यांच्या डिस्प्लेवर नेहमीच्या हेक्समधला बी आणि ८, डी आणि ० सारखे दिसतात, टेक्निशियन चुकेल. असा विचार करणारी माणसं मला आवडतात.

आता बोर्ड तपासायचा कसा? प्रोसेसरला मेमरीपासून तोडायचं आणि डेटाच्या तारांवर कायमची एनओपी सूचना लावून ठेवायची. झेड-८० किंवा ८०८५ मध्ये एनओपी म्हणजे ००, सगळ्या डेटा तारा ग्राउंडला. प्रोसेसर बिचारा 'काही करू नको, पुढे चल' वाचत ६५,५३६ पत्ते मोजत जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू. प्रत्येक पत्त्याच्या तारेची सही ठरलेली, मॅन्युअलमध्ये छापलेली. जुळली तर पुढे, नाही जुळली तर इथेच बिघाड.

पण सगळ्यात आधी काय करायचं? प्रोब ग्राउंडला लावायचा: सही ०००० आलीच पाहिजे. मग ५ व्होल्टला लावायचा. तिथे सतत १ असतो, त्यामुळे त्याचीही एक ठरलेली सही येते आणि तीही मॅन्युअलमध्ये असते. ती चुकली तर बोर्डाला हात लावायचा नाही. तुमची क्लॉकची, सुरुवातीची किंवा शेवटाची वायर चुकीच्या जागी आहे. म्हणजे शून्याला शून्य जोडून बघायची ती युक्ती इथे कामाच्या पद्धतीतच बसवली. टेक्निशियनच्या लहरीवर सोडली नाही.

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे सगळं परकं वाटत असेल तर आठवा, प्रिंटची एक ओळ टाकली की गायब होणारा बग. जिम ग्रे यांनी १९८५ च्या एका निबंधात अशा बगांना हायझेनबग म्हटलं होतं. प्रिंटने टायमिंग बदलतं, तीही एक बादलीच. पण आपल्यातल्या कितीजणांचा टेस्ट सेटअप आधी ५ व्होल्टची सही तपासतो? मुद्दाम तुटलेला कोड टाकून टेस्ट लाल होते का ते बघणं, इतकं साधं. मी तरी कमीच लोकांना करताना बघितलंय.

शेवटचा टप्पा चिपच्या आतला. पिनेवर १० पिकोफॅरड चालून जातात. आतल्या तारेची स्वतःची बादली असते फेम्टोफॅरडमध्ये, म्हणजे पिकोच्या हजाराव्या भागात. तिथे सुई टेकवणं म्हणजे चहाच्या कपात पाय बुडवून तापमान बघणं. म्हणून सुयांऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरू लागले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जास्त व्होल्टेजची तार काळपट आणि कमीची उजळ दिसते, त्यावरून सिग्नल वाचायचा. मग चिपा बोर्डावर उलट्या, तारांची बाजू खाली करून बसवायला लागले आणि वरून दिसायला उरली सिलिकॉनची पाठ. पण सिलिकॉनमधून इन्फ्रारेड आरपार जातं, म्हणून पाठीमागून इन्फ्रारेड लेझर आला.

आणि १९९७ मध्ये आयबीएमच्या जेफ्री कॅश आणि जेम्स त्सांग यांनी काहीच न टाकता बघायचं ठरवलं. ट्रान्झिस्टर ० चा १ होताना क्षणभर त्याच्यातून अत्यंत मंद प्रकाश निघतो. तो पकडला, वेळेची नोंद ठेवली की कुठला ट्रान्झिस्टर कधी पलटला ते दिसतं. ना सुई, ना झोत, ना लेझर. सर्किटवर बाहेरून काहीच भार नाही. इतक्या वर्षांची बादलीची कटकट गेली.

फक्त प्रकाश इतका कमी की एका पलटण्यातून बहुतेक वेळा एकही फोटॉन हाती लागत नाही. म्हणून चिपला तेच काम लाखो-करोडो वेळा करायला लावून हळूहळू चित्र गोळा करावं लागतं. बिघाड दर फेरीला येत असेल तर छान दिसतो. आठवड्यातून एकदाच येत असेल, तर कॅमेऱ्यात अंधार.

चला, एवढंच आजच्या भागात. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्कोप असेल तर ती क्लिपवाली युक्ती करून बघा आणि सपाट रेघ आली की नाही ते कळवा. भेटूच.